यादीत आमचीच बारा नावं

गौडाच्या, म्हणजे आमच्या गावच्या पाटलाच्या, सुनेनं पायरीवर एक घागर पाणी वतलं. मग दुसरी. मग तिसरी. माझ्या पायाची काजळी पहिल्याच घागरीत धुऊन गेली होती, तरी ती वततच होती. तिच्या मागं गौडसानी, म्हणजे गौडाची बायको, तांब्यात गोमूत्र घेऊन उभी. आंब्याचं पान बुडवायची आणि शिंपडायची. स्वयंपाकघरात, मधल्या खोलीत, देवघराच्या उंबऱ्यावर. मी जिथं जिथं पाय ठेवला होता तिथं तिथं.

मी अंगणातच उभी होते. अजून धापा टाकत होते. माझ्या भुवया जळाल्यात हे मला घरी जाऊन आरशात बघितल्यावर कळलं.

तासाभरापूर्वी हीच सून ह्याच पायरीवर उभी राहून मला हात जोडत होती. परसातली कडब्याची गंजी पेटली, तिथनं गोठा, गोठ्यातनं स्वयंपाकघराचं जुनं लाकडी माळवद. आत गॅसची टाकी. मधल्या खोलीत गौडाची म्हातारी आई खाटंवर, तिला उठता येत न्हाई. गौडाचे दोन्ही लेक बाहेर अंगणात उभे राहून फोनवर वरडायले होते. आत मी गेले. ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि गेले. टाकी मी वढून काढली. म्हातारीला मी आणि आमच्या वस्तीतल्या शिवानं खाटंसकट उचलून बाहेर आणलं. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली होती. तवा कुणाला विटाळ झाला न्हाई.

मला तहान लागली होती. घशात नुसती राख. मी सुनेला पाणी मागितलं. तिनं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "वरून वत."

मी ओंजळ धरली. तिनं वरून वतलं. निम्मं माझ्या लुगड्यावर सांडलं.

गौडसानी म्हणाली, "राग मानू नको बाई. घरात देव हाय. रीत हाय आपली."

मी म्हणाले, "व्हय आक्का."

तिच्या गोमूत्रापेक्षा मला माझ्या ह्या "व्हय आक्का"ची जास्त लाज वाटते. तोंडातनं कसं निघालं मला ठाऊक न्हाई. आपोआप निघालं.

तेवढ्यात तालुक्याची आगीची गाडी आली. आमच्या माणसांनी विझवलेल्यावर पाणी मारलं, धूर बसला. गाडीवरची माणसं ओसरीवर बसली. त्यांना स्टीलच्या गिलासात ताक दिलं. त्यांची जात कुणी विचारली न्हाई, खाकी कपडे बघूनच गिलास पुढं केले. मी घरी चालत आले.

आता तुमी म्हणाल, कामून गेलीस? कुणी जबरदस्ती केली होती का? सांगते की.

आमचं गाव कर्नाटकात, बीदरकडं, तालुक्यापासनं लांब. रस्ता असा की एस्टीसुद्धा कण्हत येती. साऱ्या तालुक्याला आगीची एक गाडी. ती दुसरीकडं गेली असली की बसा वाट बघत. उन्हाळ्यात आमच्याकडं सगळंच पेटायला टेकलेलं असतं. उसाचं पाचट, तुराट्या, कडबा. वाऱ्यानं तारा घासल्या की ठिणगी पडती. म्हणून दोन वर्षांखाली आगीच्या ठाण्याचे एक साहेब गावात आले. ग्रामपंचायतीपुढं त्यांनी माणसं जमवून शिकवलं, आग कशी अडवायची, पोतं कसं मारायचं, उसात पट्टा कसा कापायचा. गाडी येईपर्यंतचा पहिला तास गावानं सांभाळायचा, म्हणाले. त्यासाठी गावात पथक पाहिजे. इंजनावर चालणारा एक पंप दिला, पाइप दिला, बूट दिले. पंप पंचायतीच्या खोलीत ठेवला. कुलपाची चावी पंचायतीच्या अध्यक्षाकडं, म्हणजे सरपंचाकडं. अध्यक्ष म्हणजे गौडाचा थोरला लेक.

आठ दिवसांनी पंचायतीच्या भिंतीवर तांबड्या रंगात यादी लिहिली. वर कानडीत "अग्निशमन पथक", खाली बारा नावं. बाराच्या बारा आमच्या वस्तीतली. दुसरं नाव माझ्या नवऱ्याचं.

खोटं कशाला सांगू, मला लई अभिमान वाटला. आमची नावं पंचायतीच्या भिंतीवर कधी आली होती? घरकुलाच्या यादीत येत न्हाईत. मी फोनवर फोटो काढला आणि उदगीरला भावाला धाडला. आमी विहारात पेढे वाटले. बूट घालून नवरा वस्तीतनं फिरला. आमचीच बारा कामून, हे आमच्यातल्या एकानंसुद्धा विचारलं न्हाई. आमाला वाटलं, आमी धीट, आमी कामाचे, म्हणून निवडलं. एवढे शिकलेले आमी, बुद्धवंदना रोज म्हणणारे, आणि एवढी साधी गोष्ट दिसली न्हाई.

एकटी माझी सासू बोलली. मी तिला आत्या म्हणते. ऐंशीच्या पुढं असंल. ती उन्हात बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "तुझ्या आजेसासऱ्यानं धम्म घेतला त्या साली मेलेलं ढोर वढायचं सोडलं. गावानं वर्षभर दळण बंद केलं, तरी वढलं न्हाई. तुमी पेढे वाटून म्हारकी परत आणलाव."

नवरा तिच्यावर खेकसला. "आत्ता काय तसलं राह्यलंय का? सरकारी पथक हाय हे."

मीपण हसले. म्हातारी बुरसटलेली हाय, म्हणाले.

मग काय झालं, तर आग लागायच्या आधीच आमाला बोलवणी यायला लागली. ऊस तुटून गेला की रानात पाचट पडतं. गौडा ते पेटवून देतो. खरं तर ते कुजवायचं असतं, पण कोण कुजवत बसतं. पेटवायचं म्हटलं की फोन, "पथकाला बोलवा." आमी बाराजण ओली पोती घेऊन बांधावर उभं राहायचं, त्याचा जाळ दुसऱ्याच्या रानात जाऊ द्यायचा न्हाई. दिवसभर. गौडा लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा. फोन कधीकधी यायचासुद्धा न्हाई. कुणीतरी येऊन विहाराच्या भोंग्यावरनंच सांगायचं, पथक चला. मारुतीच्या देवळावर त्यांचा स्वतःचा भोंगा हाय, पण पथकाची हाळी आमच्याच भोंग्यावर. वरच्या आळीत कुणाच्या कानाला तरास नको.

पहिल्याच वर्षी असल्याच पाचटाच्या जाळात वारं फिरलं. पंपाशेजारी डिझेलचा कॅन होता. नवऱ्यानं तो वढून लांब फेकायला उचलला आणि कॅननं पेट घेतला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बीदरला दवाखान्यात महिना काढला. हात वाचला, बोटं चिकटली. विळा धरता येत न्हाई, शर्टाचं बटण लावता येत न्हाई. मी लावते. ते लावताना तो माझ्याकडं बघत न्हाई.

गौडा भेटायला आला होता. दारातच उभा राह्यला. म्हणाला, "हिम्मतीचा माणूस हाय." अन् गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी रेशनला चालले होते. पंचायतीच्या भिंतीकडं नजर गेली. नवऱ्याचं नाव पांढऱ्या रंगानं पुसलं होतं. त्या जागी माझं नाव. मला कुणी विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. आत गेले तर पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे ग्रामसेवक, म्हणाले, "पथकात बायका पण पाहिजेत असं वरून आलंय. तुमचं घर आधीपासून यादीत होतंच."

घर यादीत होतं. माणूस न्हाई, घर.  आत्याचं बोलणं आठवलं, पण रागानं आठवलं, म्हातारीनंच करणी केल्यावाणी.

न्हाई म्हणायचं होतं. म्हणणार कशी? आमची वस्ती बघा कशी हाय. तिन्ही बाजूंनी गौडाचं रान. रस्ता त्याच्या बांधावरनं. पाण्याचा पाइप त्याच्या वावरातनं. मी खुरपायला जाते ती तूर त्याची. आणि ह्या सगळ्याच्या वर एक गोष्ट. त्याच्या रानात जाळ सुटला तर त्याचं घर गावाच्या त्या टोकाला हाय, आधी जळणार आमी. म्हणजे त्याचं पाचट त्याच्यासाठी न्हाई विझवलं, तरी आमच्या जिवासाठी आमाला विझवायलाच लागतं. कुठनंबी बघा, सुटका न्हाई. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ह्याच गोष्टीभोवती मी फिरत राहायचे आणि सकाळी विळा घेऊन गौडाच्याच रानात जायचे.

तर अशी मी त्याच्या घरात शिरले होते. आणि अशी त्याच्या अंगणात ओंजळ धरून उभी होते.

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "मी आता जाणार न्हाई. घर जळू दे न्हाईतर गाव."

 तो म्हणाला, "आत माणूस असलं तर बसवंल का तुला घरी?"

 मला त्याचाच राग आला. कारण बसवलं नसतं.

दोन आठवडे गेले असतील. दुपारची वेळ. गौडाच्या गड्यांनी वस्तीच्या मागल्या रानातलं पाचट पेटवलं. त्या दिवशी पथकाला बोलावलं न्हाई. कामून, तर गौडाच्या घरच्या आगीवरनं मी तोंड पाडून गेले हे गौडसानीला दिसलं होतं, त्याचा तिला राग होता म्हणं. पेटवून गडी जेवायला गेले. वारं आमच्याकडं होतं.

सोजरचं घर कडेचं. सोजर माझ्या शेजारची, आमी दोघी एकाच ओळीत खुरपतो. तिच्या छपराला जाळ लागला तवा ती माझ्यासंगं रानात होती. आमी पळत आलो. शिवा आणि दोघंतिघं पंपासाठी पंचायतीकडं पळाले. कुलूप. चावी अध्यक्षाकडं, अध्यक्ष भालकीला. फोन लागंना. शिवानं दगड घालून कुलूप फोडलं. पंप आणेपर्यंत सोजरचं घर बसलं होतं. दोन शेरड्या खुट्याला बांधलेल्या होत्या. त्या आत वरडल्या, आमी ऐकल्या. मग वरडायच्या थांबल्या.

वरच्या आळीतली माणसं आली होती, न्हाई असं न्हाई. शाळेच्या भिंतीजवळ उभी होती. वीस-पंचवीस गडीमाणसं. हातात फोन. शूटिंग करायले होते. मी बादली घेऊन तिकडं पळाले. म्हणाले, "अण्णा, हात लावा की. विहिरीपासनं रांग करा."

गौडाचा धाकटा लेक होता पुढं. तो म्हणाला, "पथक तुमचंच हाय की."

एवढंच म्हणाला. ओरडला न्हाई, हसला न्हाई. खरंच वाटत होतं त्याला. मी रिकामी बादली घेऊन त्याच्यापुढं उभी, आणि त्याच्या तोंडाकडं बघताना मला कळलं की ह्या माणसाला काहीच चुकल्यावाणी वाटत न्हाई. भिंतीवर लिहिलंय ना, कुणी विझवायचं ते. त्याचं नाव तिथं न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण बोलायला वेळ नव्हता. आमीच रांग केली. बायका, म्हाताऱ्या, शाळंतनं आलेल्या पोरी. सोजरचं घर गेलं, बाकीची राह्यली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीची नोटीस आली. सोजरच्या घराची न्हाई. सरकारी कुलूप कुणी फोडलं, त्याचा खुलासा द्या.

मग ग्रामसभा आली. त्या सभेत पथकाचा सत्कार ठेवला होता. गौडाचं घर वाचवलं म्हणून. आगीच्या ठाण्याचे तेच साहेब पुन्हा आले होते. टेबलावर शाली आणि नारळ. वरची आळी खुर्च्यांवर, आमी सतरंजीवर. अध्यक्षानं भाषण केलं, आमच्या वस्तीच्या रक्तातच धाडस हाय, पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करत आलेत, असं म्हणाला. टाळ्या पडल्या.

पहिलं नाव माझं घेतलं. बायका पण मागं न्हाईत, हे दाखवायचं होतं.

मी उठले. टेबलापाशी गेले.  मी कधी सभेत बोलले नव्हते. साहेबांना विचारलं, "साहेब, पथकात आमचीच बारा माणसं घ्यायची असा सरकारचा नियम हाय का?"

साहेब गोंधळले. म्हणाले, "असं कसं असंल? मी तर प्रत्येक आळीतनं दोघं-दोघं लिहा म्हणून सांगितलं होतं. कागद पंचायतीत हाय."

 मी अध्यक्षाकडं बघितलं. तो पीडीओंकडं बघायला लागला. पीडीओंनी फाइल उघडली आणि तिच्यातच बघत राह्यले.

प्रत्येक आळीतनं दोघं. म्हणजे आमाला कुणी निवडलं नव्हतं. धीट म्हणून न्हाई, कामाचे म्हणून न्हाई. वरनं सरळ कागद आला होता आणि गावात येईपर्यंत तो आपल्या जुन्या वाटंनं आमच्या दारात येऊन बसला होता. जळायचं काम हाय ना, मग ते खाली द्या. एवढा साधा हिशोब. आणि आमी पेढे वाटले. नवऱ्याची बोटं चिकटली ती ह्या पेढ्यांपायी. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण मी रडले न्हाई.

मी म्हणाले, "माझं नाव पुसा."

अध्यक्ष म्हणाला, "कामून? एवढा मान द्यायलाव की तुमाला."

मी म्हणाले, "तुमच्या घरात शिरून मी तुमच्या आजीला उचलून आणलं. तुमच्या आईनं माझ्या मागं घर धुतलं. शाल त्यांना द्या, त्यांना कष्ट पडले."

गौडा खुर्चीवरनं उठला. "बाई, जास्त बोलायलीस."

"व्हय," मी म्हणाले. ह्या वेळी "आक्का" न्हाई, "अप्पा" न्हाई. नुसतं व्हय.

"पेंटर आला की पुसू," अध्यक्ष म्हणाला. "बस खाली."

मी बसले न्हाई. बाहेर भिंतीपाशी गेले. ऑइल पेंट होता, हातानं जाणारा नव्हता. कमरेला विळा होता, रानातनं तशीच आले होते. विळ्याच्या टोकानं मी माझं नाव खरवडलं. बराच वेळ लागला. रंग निघाला, मग चुना निघाला, मग आतली वीट दिसली. मागं कोण काय बोलत होतं ते ऐकू येत होतं, मी वळून बघितलं न्हाई. शिवा आला, त्यानं माझ्या हातातनं विळा मागून घेतला. मग आणखी दोघं. बाकीची आठ नावं अजून तिथंच हायत. त्यांना दोष देत न्हाई मी. त्यांची चूल गौडाच्या तुरीवर हाय. माझीपण होती.

आता मला गौडाच्या रानात कुणी बोलवत न्हाई. पहाटेच्या गाडीनं मी निर्ण्याकडं कामाला जाते, अंधार पडताना येते. बांधावरनं जायला लागतं, तिथं काट्या टाकून ठेवतात, मी काढून जाते. वस्तीतपण दोन-चार घरं बोलत न्हाईत, तुझ्यापायी सगळ्यांवर येईल म्हणतात. नवरा काही म्हणत न्हाई. त्या दिवशीपास्नं तो डाव्या हातानं बटण लावायला शिकतोय. आत्या एकदाच म्हणाली, "उशीर केलास." मी म्हणाले, केला.

मी, शिवा आणि सोजरनं तालुक्याला अर्ज दिला. प्रत्येक आळीतनं दोघं. चावी कुणाच्या घरात न्हाई, पंचायतीच्या दारात खिळ्याला. पाचट पेटवील त्यानं स्वतः बांधावर उभं राहायचं. अर्जाची पोच घेतली, शिक्का मारून. उत्तर आलेलं न्हाई.

उन्हाळा पुन्हा येईल. गौडाच्या तुराट्या वाळायला लागल्यात. भेटंल तो मला एकच विचारतो, मास्तर विचारतात, एस्टीतल्या बायका विचारतात, माझा सख्खा भाऊ फोनवर विचारतो: समज, त्यांच्या घरात लेकरू अडकलं तर? जाणार न्हाईस का तू? मला विचारतात. वीस-पंचवीस गडी फोन घेऊन भिंतीजवळ उभे होते, त्यांना अजून कुणी विचारलं न्हाई.

तर ऐका. मी जाईन. बादली घेऊन, पोतं भिजवून, सगळ्यांच्या आधी त्या दारात जाऊन उभी राहीन. त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहीन. त्या घरचा माणूस आत शिरला की त्याच्या मागं मी शिरीन, त्याच्या पाठीला लागून. त्याच्या पुढं न्हाई.